फुकटचं फायफॉक्स, साडेचार हजारांचं व्हायब्रेशन पेन आणि वॉशिंग मशीनखालचे रबर पॅड : तिन्ही वापरून बघितले, आता ऐका

आधीच सांगतो, मी काय व्हायब्रेशनचा तज्ज्ञ नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, व्हर्निअर-मायक्रोमीटर रोजचं, पण हादरे मोजायची वेळ कधी आली नव्हती. ती आणली आमच्या फुलेवाडीच्या फ्लॅटमधल्या फ्रंट लोड वॉशिंग मशीननं. आमच्याकडं पाणी सकाळी येतं, मग बायको सहालाच मशीन लावते, आणि पावणेसातला स्पिन सुरू झालं की खालच्या काकूंच्या शोकेसमधल्या कपबशा वाजायला लागतात. काकू दोनदा येऊन गेल्या, तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडं गिरणी टाकलीय काय?" मग म्हटलं आता काहीतरी करायला पाहिजे.

पहिलं काम जे सगळे करतात तेच केलं, ऑनलाइन रबरचे पॅड मागवले. चार पॅडचा सेट, फोटोत मशीनवर पाण्याचा ग्लास ठेवलेला आणि पाणी जराही हलत नाही वगैरे. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण असले पॅड दहा नावांनी विकतात आणि सगळे सारखेच. लावले, आणि काकू चौथ्यांदा आल्या. म्हणजे हादरे कमी व्हायच्या ऐवजी वाढले! मला वाटलं काकूंचा राग बोलतोय, पण मोजायला काहीतरी पाहिजे ना, म्हणून फोनमध्ये शोधता शोधता फायफॉक्स सापडलं.

हे ॲप जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठातल्या फिजिक्सवाल्यांनी बनवलंय, २०१६ पासून आहे, फुकट, जाहिराती नाहीत, लॉगिन नाही. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती ज्या सेन्सरमुळं, त्याच सेन्सरचे आकडे हे उघडे करून दाखवतं. त्यात ॲक्सलरेशन स्पेक्ट्रम म्हणून एक प्रयोग आहे, तोच आपल्या कामाचा. फोन मशीनवर ठेवायचा, प्ले दाबायचं, आणि हादऱ्याची फोड करून दाखवतं, की सेकंदाला किती वेळा हलतंय आणि त्यात कुठला हिस्सा जोरात आहे. भाजीवाल्याच्या एका पिशवीत कांदा, बटाटा, मिरची एकत्र असते ती वेगळी करून तीन ढीग लावल्यासारखं.

आता आकडे. मशीन १२०० आरपीएमला फिरतं, ६० नं भागलं की सेकंदाला २० फेऱ्या, म्हणजे २० हर्ट्झ. स्पेक्ट्रममध्ये बरोबर २० वर सुळका. म्हणजे ड्रममधलं वजन एका बाजूला पडलंय, बाकी काही नाही. आणि हे वजन किती लागतं बघा, मी गणित करून स्वतःच गप झालो. ड्रमच्या कडेला, मध्यापासून पाव मीटरवर, फक्त १०० ग्रॅम जास्त असलं, एक ओला नॅपकिन समजा, तर १२०० ला ते साधारण ४० किलोच्या जोरानं ड्रमला बाहेर ओढतं, ते पण सेकंदाला २० वेळा दिशा बदलून. ६०० ला तोच नॅपकिन १० किलोनं ओढतो. वेग निम्मा केला की जोर पावपट. कंपनीवाले मशीनमध्ये काँक्रीटचं वजन का घालतात ते तेव्हा कळलं, मी आजपर्यंत समजत होतो की उचलणाऱ्या हमालाचा राग म्हणून.

मग पॅडचं काय चुकलं? जमिनीवर मशीनच्या पायाशी फोन ठेवून मोजलं तर सुळक्याची उंची पॅडशिवाय ०.१२ आणि पॅड लावून ०.१९ आलं, म्हणजे काकू खरं बोलत होत्या. कारण साधं आहे. कुठलंही रबर म्हणजे स्प्रिंग, आणि स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनाचा स्वतःचा एक झोका असतो. तो काढायचा सोपा फॉर्म्युला : मशीन ठेवल्यावर रबर किती मिलिमीटर दबलं ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा, १५.८ ला त्यानं भागा, आला आकडा हर्ट्झमध्ये. माझा पॅड व्हर्निअरनं आधी १४.२ मिमी, मशीन ठेवल्यावर १३.१. दबला १.१ मिमी, म्हणजे झोका १५ हर्ट्झ. आणि रबर हादरे अडवायला कधी लागतं, तर मशीनचा वेग या झोक्याच्या १.४१ पटीच्या वर गेल्यावर. १५ गुणिले १.४१ म्हणजे २१ च्या वर. माझं मशीन २० ला. त्याच्या खाली रबर अडवत नाही, उलट झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं वाढवतं, आणि १००० आरपीएमला म्हणजे १६.७ ला तर नेमकं त्याच्या झोक्याच्या शेजारी जाऊन बसतं. हाच पॅड जर ४ मिमी दबणारा मऊ असता तर झोका ८ वर आला असता आणि २० चे हादरे साधारण पाचपट कमी झाले असते. पण मग मशीन वेग धरताना आठच्या झोक्यातनं जाताना एकदा नाचणार, ते सहन करायचं. पाकिटावर यातला एक शब्द नाही, "प्रीमियम रबर" एवढंच. दहापैकी दोन मार्क, ते पण मशीन घसरत नाही म्हणून.

शेवटी काय केलं तर पॅड काढले, चारी पाय पाण्याच्या लेव्हलनं लावून लॉकनट घट्ट केले, मशीन स्लॅबच्या मधनं उचलून कॉलमच्या कोपऱ्यात नेलं कारण स्लॅब मधे जास्त लवतो, आणि चादर एकटी धुवायची असली की स्पिन ८००. काकू आता येतात ते लोणचं घेऊन. (नवीन फ्रंट लोड घेतलेल्यांना जाता जाता : मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले, काढलेत का बघा. आमच्या ऑफिसातल्या एकानं दोन आठवडे तसंच चालवलं, मशीन बाथरूममधनं हॉलपर्यंत चालत यायचं.)

ॲपचा नाद लागला म्हटल्यावर पुढचा बळी हॉलमधला पंखा. पाचवर लावला की डुलतो, पाव्हणे वर बघत जेवतात. आता लक्षात ठेवा, पंखा डुलतोय म्हटल्यावर लगेच नाणी चिकटवायची नाहीत, आधी फूटपट्टीनं प्रत्येक पात्याचं टोक छतापासून किती खाली आहे ते बघायचं. एक पातं वाकलेलं असलं तर ते वेगळीच हवा कापतं आणि कितीही वजन लावलं तरी डुलणं जात नाही. माझी तिन्ही सारखी निघाली, मग वजनाची भानगड.

पंखा बंद करून जुना फोन वरच्या दांडीला वेल्क्रोनं गच्च बांधला, खाली गादी टाकली (बायकोची अट), आणि रिमोट ॲक्सेस चालू करून लॅपटॉपवर बघत बसलो. हे फीचर नाद खुळा आहे, दोन्ही एका वायफायवर असले की झालं, फोन वर, आकडे खाली. पंखा ३४० च्या आसपास फिरत होता, सुळका ५.७ वर, उंची ०.३०. मग एक रुपयाचं जुनं नाणं, माझ्या काट्यावर ३.८ ग्रॅम, पहिल्या पात्याला चिकटवून मोजलं : ०.४१. तेच काढून दुसऱ्याला : ०.३६. तिसऱ्याला : ०.१७. बहुतेक लोक इथं "तिसऱ्यावर ठेवा" म्हणून थांबतात, पण कागदावर कंपास घेतला तर पूर्ण उत्तर निघतं. ३० मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा (०.३० चे ३०, बाकीचे आकडे पण तसेच), त्यावर १२० अंशांवर तीन पाती मांडा, पहिल्या ठिकाणाहून ४१, दुसऱ्याहून ३६, तिसऱ्याहून १७ मिमीची वर्तुळं काढा, तिन्ही जिथं छेदतात ती जागा म्हणजे वजन लावायची दिशा. माझी जागा तिसऱ्या पात्याच्या जवळ पण जरा दुसऱ्याकडं झुकलेली, मधल्या बिंदूपासून १४ मिमीवर. वजन किती, तर ३.८ गुणिले ३० भागिले १४, म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास. पात्यांवर वाटून तिसऱ्याला ९ आणि दुसऱ्याला अडीच ग्रॅम. (बेरीज जास्त येते कारण दोन्ही पाती तिरकी ओढतात.) लावल्यावर ०.०७. शाळेत भूमितीच्या बाईंनी सांगितलं असतं की कंपासनं पंखा दुरुस्त होतो, तर मी मागच्या बाकावर बसलो नसतो.

इथंच पेनची गोष्ट येते. मधल्या काळात उत्साहाच्या भरात साडेचार हजार घालून व्हायब्रेशन पेन घेतलं होतं. जाड मार्करएवढं, टोक टेकवायचं, बटण दाबायचं, मिलिमीटर प्रति सेकंद असा आकडा येतो. माझ्या पेनच्या पत्रकावर आयएसओ १०८१६ चा तक्ता छापलाय : १५ किलोवॅटपर्यंतच्या छोट्या मशीनला ०.७१ पर्यंत उत्तम, १.८ पर्यंत चालेल, ४.५ पर्यंत लक्ष द्या, वर गेलं तर बंद करा. (या स्टँडर्डचा नंबर आता २०८१६ झालाय, पत्रक जुनंच.) मोठ्या ऐटीत ते डुलणाऱ्या पंख्याच्या दांडीला लावलं, आकडा आला ०.२. उत्तम! पंखा डोळ्यांना डुलताना दिसतोय आणि पेन म्हणतंय सगळं छान. अर्धा तास शिव्या घातल्यावर पत्रकाच्या मागं बारीक अक्षरात सापडलं, रेंज १० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ. पंख्याचे हादरे ५.७ चे. म्हणजे या पेनला दहाच्या खालचं दिसतच नाही, आणि हे बॉक्सच्या पुढच्या बाजूला लिहायला काय पैसे पडत होते का?

याचा खरा फटका मामांच्या गिरणीत बसला असता. मामांची गंगावेशीत पिठाची गिरणी, पाच एचपीची मोटर. मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गिरणी दीड महिना बंद, परत सुरू केली तर थाड थाड हादरायला लागली, पिठाचा डबा आपोआप पुढं सरकायचा. एका मिस्त्रीनं बघितलं, बेरिंग गेलंय म्हणाला, दोन्ही बेरिंग बदलली, पैसे घेतले, हादरे तसेच. परत आला, आता म्हणाला दगडाला टाकी नीट लागली नाही, म्हणजे छिन्नीनं खाचा नीट पाडल्या नाहीत. ते पण झालं. हादरे तसेच. मामा मला फोन करून म्हणाले, "आरं तू ते काय मोबाईल लावतुयास पंख्याला, आण की हिकडं, ह्यो बाबा आता मोटर बदल म्हणायच्या आधी."

गेलो. बेरिंगच्या ब्लॉकला पेन लावलं, १.७. चालेल म्हणे! डबा सरकतोय आणि चालेल. मग जुना फोन कव्हर काढून डबल टेपनं ब्लॉकवर चिकटवला. (कव्हर काढायचं विसरू नका, मऊ कव्हर जास्त हर्ट्झचे हादरे खातं.) पण फोन लावायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे कुठली वस्तू कुठल्या वेगानं फिरतेय याची यादी करणं, हे न करता स्पेक्ट्रम बघणं म्हणजे पत्ता न घेता मंगळवार पेठेत घर शोधणं. मोटरच्या पाटीवर १४४०, म्हणजे २४ हर्ट्झ. मोटरची पुली चार इंची, गिरणीची आठ, म्हणजे दगड ७२० ला, १२ हर्ट्झ. आणि तिसरा गडी कोण मोजतच नाही, तो पट्टा. पट्टा पण फिरतोच की! चार इंची पुलीचा घेर साधारण ३१.५ सेंटिमीटर, सेकंदाला २४ फेऱ्या, म्हणजे पट्टा सेकंदाला साडेसात मीटर धावतो. पट्ट्याची लांबी दोऱ्यानं मोजली, पावणेदोन मीटर. भागाकार केला, ४.३.

पहिल्यांदा ॲपमध्ये सॅम्पल, म्हणजे एका वेळी किती मोजमापं घ्यायची ते, कमी ठेवले होते तर सगळं एकमेकांत मिसळलेला डोंगर दिसला, १२ च्या आसपास काहीतरी मोठं, म्हणजे मिस्त्री बरोबर वाटायला लागला, दगडच. पण सॅम्पलचा आकडा वाढवून २०४८ केला, म्हणजे माझ्या फोनच्या सेकंदाला २०० च्या हिशोबानं दहा सेकंद मोजायचं, तेव्हा डोंगर फुटला. १२ वर बारका सुळका, आणि मोठे तीन : ४.३, ८.६, १२.९. पट्टा, पट्ट्याची दुप्पट, तिप्पट. मोटर आणि दगड बिचारे निर्दोष. जाळी काढली, दोन पट्ट्यांपैकी आतला पट्टा हातानं फिरवत बघितला तर आतल्या बाजूनं बोटभर जागा उंदरानं कुरतडलेली. दीड महिना गिरणी बंद, पिठाचा वास, त्याला मेजवानीच. बाहेरनं बघून कुणाला दिसणारच नाही. उद्यमनगरातनं दोन्ही पट्टे एकाच मापाचे नवीन आणले (एकच नवीन टाकला की तोच सगळं ओढतो आणि लवकर जातो), तासाभरात गिरणी गप. मामांनी बेरिंगचे पैसे आठवून परत एकदा शिवी हासडली, पण कौतुक म्हणून मला गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पाजलं.

मग पेन भंगार का? नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो. आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीच्या पंपाला, २८८० आरपीएम, दर रविवारी पेन आणि फोन दोन्ही लावायचो. फोनवर तीन आठवडे काहीच नाही, ४८ वर एक सुळका, तेवढाच. पेनचा मिलिमीटरवाला आकडा पण १.४ वरनं १.६ एवढाच. पण पेनला दुसरा मोड असतो ॲक्सलरेशनचा, तो १० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तिथं ६, मग ९, मग १४. बेरिंग. आतल्या गोळ्या आठ असल्या तर बाहेरच्या रिंगवरचा खड्डा फेरीला साधारण तीनदा ठोकतो, म्हणजे १४५ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर किणकिण. फोन सेकंदाला २०० वेळा मोजत असेल तर १०० च्या वरचं त्याला कळतच नाही, उलट १४५ चं दुमडून ५५ ला खोटा सुळका दिसू शकतो, त्याला भुलू नका. अँड्रॉइड १२ पासून ॲपनं खास परवानगी घेतली नसेल तर २०० च्या वर मिळत पण नाही. पंप खोलला तर बेरिंगच्या वाटेवर खड्डे स्पष्ट दिसले, टाकी कोरडी पडायच्या आधी काम झालं. जुने मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक बेरिंगवर आणि मूठ कानाला लावून हेच ओळखतात, पण त्यांच्या कानाची रविवारची नोंद ठेवता येत नाही.

एक फुकटची युक्ती, ना ॲप ना पेन. मोटर हमिंग करत असेल तर स्विच बंद करा आणि कान द्या. आवाज त्या क्षणाला गेला तर भानगड विजेची, कारण ५० हर्ट्झच्या लाईनवर मोटरचं चुंबक सेकंदाला १०० वेळा ओढतं. आणि वेग कमी होत जाईल तसा आवाज हळूहळू गेला तर भानगड फिरणाऱ्या भागाची.

आणि फोन जपा. चालू वापरातला चांगला फोन मशीनवर तासन्तास ठेवू नका. ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की मोठ्या बाईकच्या इंजिनाच्या हादऱ्यानं आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि फोकस बिघडू शकतो. बुलेटच्या हँडलला फोन लावून पन्हाळ्याला जाणाऱ्यांनी हे ऐकावं. माझा कामाचा फोन म्हणजे काच फुटलेला जुना, कॅमेरा आधीच गेलेला.

मार्क द्यायचे तर फायफॉक्सला दहापैकी नऊ, एक कापला कारण सॅम्पल वाढवायचं सेटिंग नवख्याला सापडत नाही, आणि फोन कुठल्या दिशेनं चिकटवलाय ते एक्स-वाय-झेड लक्षात ठेवायला डोकं लागतं. पेनला सहा. घरात पंखा, वॉशिंग मशीन एवढंच असेल तर घेऊ नका, साडेचार हजारात महिनाभर मिसळ येईल. पण पंप, गिरणी, लेथ, ब्लोअर असलं काही दररोज चालत असेल, दर आठवड्याला एकाच जागी टेकवून वहीत लिहायची तयारी असेल, तर घ्या. घेताना दोन्ही मोड आहेत का बघा आणि १० हर्ट्झची मर्यादा डोक्यात ठेवा. पॅडचं वर सांगितलंच.

पेन आता मामांकडं आहे. वहीत तारीख घालून आकडे लिहितात, बेरिंगच्या ब्लॉकवर खडूनं फुली केलीय, तिथंच टेकवायचं. परवा गेलो तर दळण घेऊन आलेल्या एका आजींच्या मिक्सरला पेन लावून बघत होते.